उंदीर पडले तेव्हा: मुंबई-पुण्यातील १८९६-९८च्या प्लेगमध्ये सरकार लोकांशी काय बोलले

मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींना लागून असलेल्या दाट वस्तीत, १८९६च्या पावसाळ्याच्या अखेरीस उंदीर मरून पडू लागले आणि त्यापाठोपाठ माणसांना कडक ताप येऊन काखेत किंवा जांघेत गाठी दिसू लागल्या. त्या भागात वैद्यकी करणारे, मूळचे गोव्यातील हडफड्याचे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी सप्टेंबर महिन्यात हा प्लेग असल्याचे निदान केले आणि ते नगरपालिकेच्या बैठकीत उघडपणे मांडले. निदान बरोबर होते. तरीही आरंभीच्या दिवसांत अधिकृत तोंडातून ‘प्लेग’ हा शब्द बाहेर पडायला जड गेला. ‘गाठींचा ताप’, ‘सौम्य प्रकार’ अशा आडवळणाच्या शब्दांत रोगाचे वर्णन होत राहिले.

त्या संकोचाची कारणे समजण्याजोगी आहेत. मुंबई हे बंदर होते, आणि एकदा प्लेगचे शहर म्हणून तिचे नाव जाहीर झाले की युरोपातील बंदरे तिच्या जहाजांना व मालाला अडवतील, ही भीती काल्पनिक नव्हती. पुढे फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली ती मुख्यतः याच प्रश्नावर, आणि त्या वर्षी हिंदुस्थानातून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंनाही रोखण्यात आले. शिवाय तेव्हाच्या मुंबईत प्लेग स्वतः पाहिलेला माणूस सापडणे कठीण होते, त्यामुळे काही डॉक्टरांची शंका प्रामाणिकही असेल. मात्र कारण कोणतेही असो, धोक्याचे नाव जाहीर व्हायला जो उशीर झाला त्याचा परिणाम असा, की सर्वसामान्य मुंबईकराला या रोगाविषयी सरकारकडून पहिल्यांदा मिळाला तो हुकूम होता. माहिती त्याआधी मिळालीच नव्हती.

प्रस्तुत प्रकरणाचा विषय नेमका हाच आहे. १८९६ ते १८९८ या काळातील प्लेगची हकिगत आपल्याकडे बहुधा जुलूम आणि सूड या दोन शब्दांत सांगितली जाते, आणि ती खोटी नाही. येथे मात्र तीच हकिगत सरकारने लोकांना धोका कसा सांगितला, लोकांना त्यातून काय कळले आणि लोकांना जे आधीच कळत होते ते सरकारपर्यंत का पोहोचले नाही, या अंगाने तपासली आहे.

सहा ऑक्टोबरचा हुकूम

मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी ६ ऑक्टोबर १८९६ रोजी, १८८८च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यातील अधिकाराखाली जाहीरनामा काढला. लागण झालेल्या माणसाला, त्याची किंवा घरच्यांची इच्छा असो वा नसो, रुग्णालयात हलवता येईल आणि त्याचे घर बाजूला काढून धुऊन-सारवून शुद्ध करता येईल, असा त्याचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने त्यात उणे नव्हते. परंतु रोग कसा ओळखावा, घरात कोणाला ताप आला तर पहिल्या काही तासांत काय करावे, रुग्णालयात नेलेल्या माणसाजवळ कोणाला थांबता येईल की नाही, त्याला कोणाच्या हातचे अन्नपाणी मिळेल आणि तो दगावलाच तर त्याचे क्रियाकर्म कोण करील, यांपैकी चाळीतल्या कुटुंबाला पडलेल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. जाहीरनाम्यात सरकार काय करणार हे होते. आपण काय करायचे हे ज्याला जाणून घ्यायचे होते त्याच्यासाठी त्यात काही नव्हते.

आर्थर रोडवरील साथीच्या रुग्णालयाविषयी गिरणगावात जी समजूत पसरली ती निव्वळ अडाणीपणाची म्हणून उडवून लावता येत नाही. तेथे नेलेले बहुसंख्य रुग्ण दगावत होते. कारण लोक रुग्ण लपवत, तो अत्यवस्थ झाल्यावरच सापडे, आणि मग तो वाचण्याची शक्यता उरत नसे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र एवढेच दिसे की तिथे गेलेला परत येत नाही. हे निरीक्षण होते आणि ते खरे होते. त्याचा अर्थ तेवढा चुकला होता. तो दुरुस्त करण्यासाठी कोणी वस्तीत जाऊन बोलले नाही, म्हणून उरलेली जागा अफवांनी भरून काढली. रुग्णालयात माणसे मारून त्यांच्या अंगाचे तेल काढतात, ज्याला जुन्या बोलीत ‘मोमियाई’ म्हणत, अशी कुजबुज होती. त्याच ऑक्टोबरात मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले होते, आणि संतापलेल्या राणीला शांत करण्यासाठी माणसांची काळजे काढून विलायतेस धाडतात, असेही बोलले जाऊ लागले. पुतळ्याचे ते कृत्य आपण केल्याचे पुढे दामोदर चापेकरांनी आपल्या आत्मवृत्तात लिहिले आहे, हा इतिहासाचा एक विलक्षण धागा. पण तेव्हाच्या गिरणी कामगाराला त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्याला फक्त दोन घटना एकाच महिन्यात घडलेल्या दिसत होत्या, आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही हे कोणी समजावून सांगत नव्हते.

ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेला. त्यानंतर स्नो यांनी माघार घेतली, आणि ज्यांना घरीच नीट वेगळे ठेवता येईल त्यांना हलवले जाणार नाही असे जाहीर झाले. या माघारीमागचा त्यांचा हिशेब त्यांनी स्वतःच नंतर नोंदवला आहे: शहरातले हलालखोर, म्हणजे मैला व कचरा वाहणारे कामगार, जर भीतीने पळून गेले असते तर मुंबई राहण्यालायक उरली नसती. हिशेब शहाणपणाचा होता. परंतु हुकूम का काढला हे जसे नीट सांगितले नव्हते तसेच तो का सैल केला हेही सांगितले गेले नाही, आणि त्यामुळे लोकांनी स्वतःच निष्कर्ष काढला. तीन आठवड्यांपूर्वी शहर वाचवण्यासाठी जे अपरिहार्य होते ते दगडफेकीनंतर ऐच्छिक झाले, तर मुळात ते अपरिहार्य नव्हतेच, आणि सरकारला समजणारी भाषा जमावाची आहे. दोन्ही निष्कर्ष पुढच्या दोन वर्षांत महागात पडले.

दरम्यान नगरपालिकेचे दुसरे काम जोरात चालू होते. रोग घाण, ओल आणि दूषित जमिनीतून उपजतो, अशी त्या वेळच्या आरोग्यखात्याची धारणा असल्याने गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडले जात होते, भिंतींना चुना मारला जात होता, कौले उतरवून खोल्यांत ऊन घेतले जात होते. ज्या घरात रोगी सापडला त्याच्या दारावर लाल वर्तुळ काढले जाई, आणि राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी आद्याक्षरे रंगवली जात. ज्या वस्तीसाठी ती होती तिला इंग्रजी वाचता येत नव्हते. तिला अक्षरे कळली नाहीत, पण खूण कळली: या घरावर सरकारची नजर आहे. पाहता पाहता आजारी माणसाला एका खोलीतून दुसरीत, एका चाळीतून दुसरीत हलवण्याची, आणि मृत्यूचे कारण दडवण्याची रीत पडली. साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या शहरातून फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळपास निम्मी माणसे निघून गेली, आणि त्यांच्याबरोबर रोगही रेल्वेने व गलबतांनी गावोगाव गेला.

या पळापळीला सरकारी कागदपत्रांत घबराट म्हटले आहे. माझ्या मते हा शब्द अर्धाच खरा आहे. उंदीर पडू लागले की घर सोडावे, गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहावे, हे शहाणपण लोकांत होते. हिमालयाच्या पायथ्याशी गढवालात प्लेग अधूनमधून येई तेव्हा तेथील गावकरी हेच करत असत, याची इंग्रजांच्याच दप्तरात आधीपासून नोंद होती. उंदीर आणि माणूस यांच्यामध्ये पिसू आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पण उंदीर मेलेले घर सोडणाऱ्याने, कारण न कळताही, योग्य तीच गोष्ट केली होती. उलट चुना मारणाऱ्या पथकाकडे शास्त्र होते आणि उपाय चुकीचा होता. चुन्याने पिसवा मरत नाहीत.

पुणे, मार्च ते मे १८९७

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. चार कलमांच्या त्या छोट्याशा कायद्याने सरकारला जवळजवळ कोणताही नियम करण्याची मुभा दिली आणि सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यांवर दावा लावता येणार नाही असे शेवटी सांगून टाकले. मुंबईत जनरल गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती आली आणि पुण्याच्या प्लेग समितीचे अध्यक्ष म्हणून साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड यांची नेमणूक झाली.

घराघरांची झडती पुण्यात १३ मार्चला सुरू झाली. त्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या होत्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता आणि मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घालून तेथे आणले, असे सांगितले जाते. ज्या समाजातून रुग्ण आणायचा त्याच्याशी चाळीसहून अधिक वर्षांचा संबंध असलेली बाई, आणि ज्या शहरात झडती घ्यायची तेथे महिन्यापूर्वी आलेला अधिकारी, या दोघांनाही त्या आठवड्यात एकच काम करायचे होते: रुग्णाला घरातून बाहेर काढून उपचारापर्यंत न्यायचे.

रँड यांनी झडतीसाठी गोरे सोल्जर निवडले. यामागे त्यांची विचारपूर्वक मांडलेली कारणे होती. देशी नोकर लाच खातील किंवा ओळखीपाळखीने घर टाळतील, सोल्जर शिस्तीचे असल्याने काम सचोटीने आणि झटपट करतील, असा त्यांचा विश्वास होता. कार्यक्षमतेच्या हिशेबात हे बसतेही. पण निरोप जितका शब्दांत असतो तितकाच तो आणणाऱ्याच्या अंगावरच्या कपड्यातही असतो. ज्याला मराठीचा शब्द येत नाही, जो बुटांसकट माजघरात आणि देवघरात शिरतो, जो सामान अंगणात काढून त्यातले काय जाळायचे ते ठरवतो, त्याने काहीही सांगितले तरी पेठेतल्या घराला ते आरोग्याचे सांगणे म्हणून ऐकू येणे शक्य नव्हते. त्यातच रोगाची खूण शरीराच्या अशा जागी होती की तपासणी म्हणजेच विटंबना. प्लेगची गाठ प्रामुख्याने जांघेत, काखेत वा मानेवर येते. म्हणून तिथे पाहणे वैद्यकाच्या दृष्टीने आवश्यक होते. हे कारण साध्या मराठीत आधी समजावले असते, घरातल्या कर्त्या बाईला तपासायला शिकवले असते, स्त्री डॉक्टर व परिचारिका पुरेशा आणल्या असत्या, तर संताप नाहीसा झाला नसता, पण त्याला वेगळे रूप आले असते. प्रत्यक्षात स्त्रियांना लोकांदेखत उघडे करून तपासल्याच्या तक्रारी शहरभर झाल्या, आणि ‘सेग्रेगेशन’, म्हणजे सक्तीने वेगळे ठेवणे, हा बोजड इंग्रजी शब्द निरक्षर माणसाच्याही तोंडी शिवीसारखा बसला.

येथे ‘केसरी’ची भूमिका बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण ती नंतर जितकी एकरंगी सांगितली जाते तितकी नव्हती. टिळकांनी रोग्याला वेगळे ठेवण्याला किंवा स्वच्छतेला विरोध केला नव्हता. पुण्यात हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला, साथ येताच शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी धारेवर धरले आणि स्वतः पुण्यातच राहिले. झडतीच्या पथकाबरोबर स्थानिक प्रतिष्ठित माणसे असावीत, ही मागणीही या वर्तुळातून झाली होती. म्हणजे ज्याला आज आपण विश्वासाचा मध्यस्थ म्हणू तो सरकारसमोर तयार उभा होता. त्याला वाचक होते, त्याची भाषा लोकांची होती, आणि उपायाच्या गाभ्याशी त्याचे भांडण नव्हते. समितीने त्याचा उपयोग पुरेसा करून घेतला नाही. मे महिना उजाडेपर्यंत ‘केसरी’चा स्वर पूर्ण बदलला होता.

प्रकरणाचा सर्वांत बोलका भाग मात्र तक्रारींचा आहे. सोल्जरांनी जाणूनबुजून स्त्रीची अब्रू घेतल्याची विश्वसनीय अशी एकही तक्रार समितीकडे किंवा सैन्याच्या अधिकाऱ्यांकडे आली नाही, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे, असे रँड यांच्या अहवालात नमूद आहे. हे वाक्य लिहिताना ते खोटे बोलत होते असे मानण्याची गरज नाही. बहुधा तक्रार खरोखरच आली नसेल. पण कोणी यायचे होते? अत्याचार झाला असे सांगण्यासाठी कुटुंबाने त्याच समितीपुढे, त्याच अधिकाऱ्यांसमोर, आपल्या घरातल्या बाईचे नाव घेऊन उभे राहायचे होते, आणि त्या काळच्या पुण्यात या उच्चारानेच अब्रू जात होती. शांतता म्हणजे समाधान, हे समीकरण समितीने मांडले आणि त्यावर विश्वास ठेवला.

त्याची दुसरी बाजू विलायतेत उघड झाली. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये स्त्रियांवरील अत्याचारांचे आरोप केले. मायदेशी परतल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा पत्र लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे येईना, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. या माफीने त्यांना पुढे कितीतरी वर्षे टोमणे खावे लागले. पंडिता रमाबाईंनी आपल्या आश्रमातील एका मुलीच्या संदर्भात प्लेग रुग्णालयातील व्यवस्थेविरुद्ध जाहीर पत्र लिहिले, तेही सरकारने अमान्य केले. एका बाजूला तक्रारच नाही असे म्हणणारा अहवाल, दुसऱ्या बाजूला नाव न घेता सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट, आणि मध्ये ती सांगायला सुरक्षित जागा नाही. संवादातला हा खड्डा कोणत्याही जाहीरनाम्याने भरला जाणारा नव्हता.

मे महिन्यात साथ ओसरली, १९ मेच्या सुमारास सोल्जर मागे घेतले गेले, आणि समितीने यशाचे श्रेय आपल्या उपायांना दिले. प्लेगची पिसू कडक, कोरड्या उन्हाळ्यात फार तग धरत नाही, त्यामुळे दख्खनमध्ये साथ त्या दिवसांत आपोआप उतरते, हे ज्ञान अजून यायचे होते. पावसाळ्यानंतर पुण्यात प्लेग परत आला. ज्या उपायाने रोग गेला असे सांगितले होते तो उपाय भोगलेल्या लोकांसमोर रोग पुन्हा उभा राहिला, तेव्हा सरकारच्या पुढच्या शब्दाची किंमत काय उरली असेल ते वेगळे सांगायला नको.

मधल्या काळात, २२ जून १८९७च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाहून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तत्काळ गेले, रँड ३ जुलैला. चापेकर बंधूंची फाशी, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला आणि त्यांना झालेली अठरा महिन्यांची शिक्षा हा भाग मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक आहे.

सुई आणि तिच्यामागचा माणूस

याच काळात त्याच मुंबईत धोक्याविषयी बोलण्याची अगदी वेगळी एक पद्धतही चालू होती. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले आणि कलकत्त्यात पटकीच्या लशीचे काम करून आलेले वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील छोट्या प्रयोगशाळेत त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मात्रा नंतरच्या प्रचलित मात्रेपेक्षा मोठी होती. त्यांना ताप भरला, दंड सुजला, आणि ते कामावर आले. पाठोपाठ भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली, आणि टोचलेल्यांत व न टोचलेल्यांत आजाराचा फरक स्पष्ट दिसला.

हाफकिन यांच्या संवादात दोन गोष्टी ठळक दिसतात. पहिली म्हणजे ते सक्तीच्या विरोधात होते. दुसरी म्हणजे लस घेतल्यावर काय होईल हे लपवण्यासारखे नव्हतेच: एकदोन दिवस चांगला ताप येई, दंड दुखे, हमालाची किंवा विणकराची रोजी बुडे. रोजंदारीवरच्या माणसासाठी हा धोका प्लेगच्या धोक्याइतकाच खरा होता, कारण प्लेग कदाचित येईल पण बुडालेली रोजी नक्की बुडाली. हा मुद्दा ज्या ठिकाणी मान्य करून बोलले गेले तिथे लोक आले. तरुण आगाखान सर सुलतान महंमद शाह यांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर, सर्वांना दिसेल अशा रीतीने, एकाहून अधिक वेळा टोचून घेतले आणि प्रयोगशाळेसाठी हाफकिन यांना आपला बंगलाही दिला; त्यानंतर हजारो खोजांनी लस घेतली. १८९८ मध्ये मुंबई इलाख्यातीलच हुबळी गावात टोचणी फार मोठ्या प्रमाणावर झाली.

मात्र हुबळीचा दाखला जसाच्या तसा गौरवून चालणार नाही. टोचल्याचा दाखला असलेल्याला सेग्रेगेशनमधून आणि प्रवासातल्या अडकवणुकीतून सूट मिळे. म्हणजे लस ऐच्छिक होती खरी, पण न घेणाऱ्यापुढे उभी असलेली दुसरी वाट इतकी अप्रिय होती की ‘इच्छा’ या शब्दाचा अर्थ थोडा वाकतो. आणि लशीवरचा विश्वास किती नाजूक होता हे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी दिसले. एका बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. हाफकिन यांना निलंबित करण्यात आले. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांची बाजू मांडल्यानंतर १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. त्या पाच वर्षांत सरकारने आपल्याच शास्त्रज्ञावर ठेवलेला संशय गावागावांत पोहोचला होता. त्याची दुरुस्ती तितक्या दूर पोहोचल्याचे दिसत नाही. पुढे परळला गेलेल्या त्यांच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.

गॅझेटियरचा संपादक

गॅटॅकर पदावरून दूर झाल्यावर मुंबईच्या प्लेग समितीची सूत्रे जेम्स मॅक्नॅब कॅम्पबेल यांच्याकडे आली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे, म्हणजे प्रदेश व लोक यांची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथमालेचे, संपादन करणारे हेच ते कॅम्पबेल. कोणत्या जातीच्या लग्नात काय शिजते आणि कोणत्या जमातीत प्रेत कसे नेतात हे त्यांच्याइतके दुसऱ्या इंग्रजाला क्वचितच माहीत असेल. त्यांच्या काळात जातीजमातींची स्वतःची प्लेग रुग्णालये वाढली, समाजातले पुढारी समित्यांत आले, आपल्याच माणसांच्या देखरेखीखाली आजारी राहू लागले. रुग्णालयाविषयीची भीती यामुळे पुष्कळ कमी झाली. आपल्या मृत्यूनंतर आपल्याला कोण हात लावील, या प्रश्नाला पहिल्यांदाच समाधानकारक उत्तर मिळाले होते.

तरीही ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात, जुलाहा विणकरांच्या वस्तीत, एका आजारी मुलीला तपासून हलवण्याच्या प्रयत्नावरून दंगल उसळली, पोलिसांनी गोळीबार केला, आणि शहर दोन-तीन दिवस हादरलेले राहिले. कॅम्पबेल यांना समाज ‘माहीत’ होता, पण ज्या समाजांचे शेठ व पुढारी समितीत बसले त्यांच्याशीच समितीचा संवाद होता. उत्तरेतून आलेल्या गरीब विणकरांचा तिथे कोणी नव्हता. माहिती असणे आणि बोलणे चालू असणे यांत अंतर आहे. गॅझेटियरच्या चोवीसपेक्षा अधिक खंडांनीही ते भरून निघत नाही. या दंगलीनंतर सक्तीची धार उतरली, काम पुन्हा नगरपालिकेकडे गेले आणि पुढे भारत सरकारचे धोरणही जबरदस्ती टाळण्याकडे झुकले.

येथे एक अवांतर नोंद. १८९७चा तो कायदा १३ मार्च २०२० रोजी, म्हणजे पुण्यातल्या झडतीच्या तारखेलाच, महाराष्ट्र सरकारने करोनासाठी पुन्हा लागू केला, आणि त्याच आठवड्यात घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचे शिक्के मारायला सुरुवात झाली. शिक्क्यातला मजकूर इंग्रजीत होता. असे शिक्के असलेले लोक रेल्वेतून उतरवले गेल्याच्या बातम्या तेव्हा आपण सर्वांनीच वाचल्या. योगायोगावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण दारावरची ‘यू. एच. एच.’ अक्षरे मला त्या दिवसांत वारंवार आठवत होती.

उंदरांची वर्दी

पिसूचा उलगडा फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून केला, पण तो गांभीर्याने घ्यायला वेळ लागला. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने मुंबईतीलच घरांत आणि गिनिपिगांवर प्रयोग करून उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी पक्की केली. चुना, कार्बोलिक आणि गटारे धुण्याचा भडिमार यांचा प्लेगवर जवळपास काही परिणाम होत नव्हता, हेही त्यातून ठरले. आणि मग सरकारी सल्ल्याचा मजकूर बदलला. उंदीर मरू लागले तर घर, जमल्यास सबंध गाव, वेळेवर सोडून बाहेर राहावे, हा लोकांचा जुना उपाय अधिकृत उपाय झाला. गावाबाहेरच्या झोपड्यांना सरकारी मदत मिळू लागली. ज्या पळापळीला दहा वर्षांपूर्वी घबराट म्हटले होते तिलाच आता स्थलांतर हे नाव मिळाले.

गावच्या पाटलाकडे आता नवे काम आले: घरांत उंदीर पडू लागल्याची वर्दी वर कळवायची. पहिली वर्दी देणारी बहुधा घरातली बाईच असे. पहाटे चुलीजवळ किंवा कणगीच्या मागे मेलेला उंदीर तिलाच आधी दिसे.